रंगानंतरचे काम

आमच्या डिचोलीच्या घरचा गणपती दीड दिवसाचा आणि पेडण्यास दिलेल्या आमच्या धाकट्या बहिणीच्या घरचा पाच दिवसांचा. त्यामुळे आपल्या देवाला निरोप दिला की तिसऱ्या दिवशी अस्नोड्यावरून थिवीमार्गे कोलवाळचा पूल ओलांडावयाचा आणि बहिणीकडे मुक्कामास जावयाचे, हा आमचा नेम गेली कित्येक वर्षे चाललेला आहे. इंदूर-बडोद्याकडील वाचकांसाठी सांगावयाचे तर आमच्याकडे या सणाला नुसते ‘चवथ’ म्हणतात. देवाच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळे, शेंगा, पाने आणि वेली बांधतात; तिला ‘माटोळी’ म्हणतात. घरातील मुलांना देवाइतकेच या माटोळीचेही अप्रूप असते.

या वेळी मात्र बहिणीच्या नातवाचे लक्ष माटोळीत नव्हते. पडवीतल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून चिरंजीव मान खाली घालून बसले होते. समोर वीतभर लांबीचे एक विमान, वरून गडद राखाडी, खालून पांढरे, शेपटीवर तिरंगा. मुंबईच्या मामाने पाठविलेला प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच त्याने दोन महिने खपून जोडला होता व रंगविलाही होता. आम्हाला ते काम पुरे झालेले दिसले आणि तसे आम्ही बोलूनही गेलो. मुलाने मान वर न करताच सांगितले, ‘‘मामाआजोबा, खरे काम आता आहे.’’

खरे काम म्हणजे काय ते मग आम्ही शेजारी खुर्ची घेऊन पाहिले. एका बशीत बारीकसारीक तुकडे मांडून ठेवलेले होते: चाके, चाकांवरची झाकणे, पंखांखालील क्षेपणास्त्रांचे कल्ले, नाकापुढची सुईसारखी नळी, आणि तांदळाच्या कणीहूनही लहान असे एक पाते. हे सर्व आधीच का जोडले नाही, असे आम्ही साहजिकच विचारले. त्यावर मिळालेले उत्तर आम्हाला पटले. प्रत्येक तुकड्याचा रंग निराळा. शिवाय असले नाजूक अवयव आधी लावले तर रंगविताना कुंचल्याच्या धक्क्याने किंवा हाताळताना बोटाच्या टोकाने मोडतात. म्हणून मोठे अंग आधी जोडावयाचे, रंगवावयाचे, वाळवावयाचे आणि सर्वांत नाजूक ते सर्वांच्या शेवटी लावावयाचे.

हे विमान होते ‘सी हॅरियर’. गोव्याच्या माणसाला त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. पण दूरच्या वाचकांसाठी दोन शब्द लिहितो. १६ डिसेंबर १९८३ रोजी नौदलाची पहिली तीन सी हॅरियर विमाने दाबोळीस उतरली आणि ११ मे २०१६ रोजी तेथेच समारंभपूर्वक या विमानांना निरोप देण्यात आला. मधली बत्तीस वर्षे दक्षिण गोव्याच्या आकाशात त्यांचा कानठळ्या बसविणारा आवाज घुमत असे. हे विमान धावपट्टीवर न धावता, जागच्या जागी अधांतरी थांबून सरळ खाली उतरू शके. त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंस मिळून चार नळ्या असत. त्या मागे वळविल्या की विमान पुढे जाई, खाली वळविल्या की त्याच झोतावर ते तरंगे. म्हणूनच ‘विराट’सारख्या आखूड डेकच्या जहाजाला ते सोयीचे पडले. प्रत्यक्षात साडेचौदा मीटर लांब आणि पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.७० मीटर असलेले हे विमान बहात्तराव्या हिश्श्याने लहान केले की वीस सेंटिमीटर लांब आणि साडेदहा सेंटिमीटरांच्या वर रुंद होते. बहात्तर हा आकडाही सोयीचा आहे. त्यात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १९४२ साली, युद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणात शत्रूच्या आणि मित्राच्या विमानांच्या लाकडी प्रतिकृती करवून घेतल्या. दुरून दिसणारे विमान कोणाचे, हे सैनिकांनी त्यांवरून शिकावयाचे होते. तेव्हा हा केवळ पोरखेळ आहे, असे कोणी समजू नये.

आणि पेडण्याच्या त्या घरात तर तो पोरखेळ नव्हताच. आमचे भावोजी आयुष्यभर दाबोळीस नौदलाच्या विमानांच्या देखभालीचे काम करीत होते. आठवडाभर वास्कोस राहावयाचे आणि शनिवारी पेडण्यास यावयाचे. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळल्यानंतर फेरीबोटीच्या रांगेत उभे राहून रात्री उशिरा घरी पोचलेले भावोजी आम्ही पाहिलेले आहेत. आता त्यांची पंचाहत्तरी उलटून गेली आहे. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हावयाची आहे, आणि हात कापतात. चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरावी लागते. नातवाने विमान निवडले ते आजोबांचे आणि चवथीपर्यंत पुरे करून त्यांच्या हाती देईन, असा शब्दही दिलेला. त्या शब्दाचा आज तिसरा दिवस उलटत होता.

उशीर होण्यास पाऊसही कारण होता. भाद्रपदात आमच्याकडे रंग वाळता वाळत नाही. डिचोली तालुक्यातल्या चित्रशाळांतून गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यांना विचारा. (चित्रशाळा म्हणजे आमच्याकडे मूर्ती घडविण्याची व रंगविण्याची जागा.) परंतु खरी अडचण निराळीच होती. मुलाने चाकावरचे एक झाकण आदल्या रात्री डिंकाने चिकटविले होते. सकाळी बोट लागताच ते गळून पडले आणि पडताना आपल्या पाठीवर राखाडी रंगाचा पापुद्रा घेऊन आले. दुसऱ्यांदा लावले, दुसऱ्यांदाही तेच. त्याने डिंक बदलला, जास्त लावला. तो ओघळला आणि पांढऱ्या पोटावर डाग पडला. पोर रडकुंडीस आले होते.

भावोजी आरामखुर्चीत होते. त्यांनी ते झाकण तळहातावर घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, ‘‘डिंकाचा दोष नाही. डिंकाने रंग धरला, रंगाने विमान धरले नाही.’’

या एका वाक्यात त्या कामाचे सारे मर्म होते. ते आम्हाला कळले तसे येथे उलगडून सांगतो, कारण वाचकांच्या घरीही असले उद्योग करणारी मुले असतील. या संचांचे प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन जातीचे असते. त्यासाठी मिळणारा पातळ डिंक खरे म्हणजे चिकटवीत नाही. तो दोन्ही तुकड्यांचा पृष्ठभाग किंचित विरघळवितो आणि ते एकमेकांत मिसळून एकजीव होतात. मध्ये रंगाचा थर असला की डिंक रंगालाच विरघळवितो, प्लॅस्टिकपर्यंत पोचतच नाही. म्हणून रंग झाल्यावर तुकडा जोडावयाचा तर जेथे जोड येणार तेवढ्याच जागेचा रंग पात्याच्या टोकाने खरवडून काढावयाचा. तुकड्याच्या बुडाशीही तसेच. खरवडलेली जागा तुकड्याखाली झाकली जाते, बाहेरून दिसत नाही. आपण रंगविलेले आपल्याच हाताने खरवडणे मुलाच्या जिवावर येत होते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण त्याने खरवडले.

आम्हाला आमच्या चित्रशाळेची आठवण झाली. मूर्तिकार मूर्तीचा हात किंवा सोंडेचे टोक जोडतो तेव्हा दोन्हीकडची माती ओली असतानाच जोडतो. दोन्ही बाजूंवर काडीने रेघा ओढतो, मध्ये पाण्यात कालवलेल्या मातीचा हात देतो, आणि मगच दाबतो. गुळगुळीत वाळलेल्या मातीवर ओली माती थापली तर ती सुकताना सुटून येते. मातीचे असो की प्लॅस्टिकचे, जोडाची जागा उघडी आणि थोडी खरबरीत हवी. मूर्तिकार हे रंगाच्या आधी करतो, विमान करणाऱ्याला रंगाच्या नंतर करावे लागते, फरक एवढाच.

झाकण लागले. मग चाके. या विमानाची चाके नेहमीसारखी पंखांखाली नसून पोटाखाली एकापुढे एक असतात, आणि पंखांच्या टोकांशी तोल सांभाळण्यासाठी काटकुळे पाय असतात. ते लावताना भावोजींनी दुसरी युक्ती सांगितली. नुसत्या डिंकावर भरवसा नको. पायाच्या बुडाशी गरम सुईने भोक पाडून तारेचा बारीक तुकडा बसवावा, विमानाच्या अंगातही तसेच भोक घ्यावे, आणि खुंटी घालून दार बसवावे तसे बसवावे. डिंक तर झटकन धरणारा, ज्याला आपण फेविक्विक म्हणतो त्या जातीचा. हा डिंक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्यात तो विचार करावयास फार वेळ देत नाही. तो थेट बाटलीतून कधी लावावयाचा नाही. पत्र्याच्या तुकड्यावर एक थेंब काढावयाचा आणि टाचणीच्या टोकाने त्यातला कणभर उचलावयाचा. वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक झाकणाजवळ मात्र हा डिंक न्यावयाचाच नाही, कारण त्याच्या वाफेने काचेसारखे प्लॅस्टिक पांढुरके होते. तेथे सुताराचा पांढरा फेविकॉल बरा. तो वाळल्यावर दिसत नाही आणि जास्त झाला तर ओल्या फडक्याने पुसताही येतो.

असे तासभर सुरळीत चालले होते. आता आमचा अपराध सांगितला पाहिजे. मुलाचे डोळे थकलेले पाहून आम्ही म्हणालो, ते शेवटचे पाते आम्ही धरतो, तू डिंक लाव. चिमटा आमच्या हाती आला. वडीलकीच्या उत्साहात आम्ही तो जरा जास्त दाबला. टक् असा बारीक आवाज झाला आणि चिमट्यात काहीच उरले नाही.

शोध सुरू झाला. विजेरी जमिनीलगत आडवी धरून पाहिले, केरसुणीने हलके हलके झाडून घेतले, केर परातीत घेऊन चाळला. अक्षता सापडल्या, दुर्वांचे तुकडे सापडले, अबोलीच्या पाकळ्या सापडल्या. पाते सापडले नाही. (चिमट्याने उचलण्याऐवजी काडीच्या टोकाला मेण लावून तुकडा टिपावयाचा, आणि सारे काम परातीत पांढरे फडके अंथरून करावयाचे, हे शहाणपण आमच्या भाचेसुनेने आम्हाला नंतर सांगितले. ती बाजूला अबोलीचा वळेसर करीत होती. बारीक वस्तू कशी धरावी हे त्या घरात तिला सर्वांहून अधिक कळते.)

आम्ही खजील होऊन बसलो. मुलानेच आमची समजूत घातली. म्हणाला, ‘‘राहू दे, मामाआजोबा. ते नसले तरी कोणाला कळणार नाही. इतके लहान कोण पाहतो?’’

भावोजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी नातवाला विचारले, ‘‘ते पाते कशाचे, ठाऊक आहे का?’’ मुलाला ठाऊक नव्हते. संचाबरोबरच्या कागदावर त्याला नुसता आकडा होता. शाळेच्या सहलीत बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन त्याने खऱ्या सी हॅरियरची छायाचित्रे काढून आणली होती. त्यांतले एक पाहून ते पाते वैमानिकाच्या काचेपुढे नाकावर उभे असते, एवढेच त्याला कळले होते.

तेव्हा भावोजींनी सांगितले ते असे. ते पाते म्हणजे वाऱ्याची दिशा दाखविणारे साधे वातदर्शक. देवळाच्या शिखरावरील पताकेसारखेच, त्यात ना वीज ना यंत्र. विमान वेगात असते तेव्हा पंख त्याला उचलून धरतात. पण हे विमान उतरण्यासाठी मंद होऊ लागले की पंखांचा आधार सुटत जातो आणि नळ्यांच्या झोताचा आधार येत जातो. त्या मधल्या काही क्षणांत वारा समोरून न येता बाजूने आला तर एक पंख उचलला जाऊन विमान कलंडू लागते, आणि फार कलंडले की ते सावरत नाही. म्हणून वैमानिकाने नाक सतत वाऱ्याकडे ठेवावयाचे. आणि वारा कोठून येतो हे कळावयाचे कसे? पुढे नजर टाकली की काचेपलीकडे ते तळहाताएवढे पाते. ते सरळ असले की नाक वाऱ्यात आहे. वळले की नाक वळवावयाचे. कोट्यवधी रुपयांच्या त्या यंत्रात वैमानिक उतरताना ज्या वस्तूंकडे पाहत असे, त्यांतली ही एक.

‘‘उड्डाणापूर्वी आम्ही ते बोटाने हलवून पाहत असू,’’ ते म्हणाले. ‘‘मोकळे फिरते ना, एवढेच. अर्ध्या मिनिटाचे काम. पण ते केल्यावाचून मी कधी विमानापासून बाजूला झालो नाही. आणि मग ते परत येईपर्यंत उन्हात उभे राहावयाचे.’’

पुढे ते बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही. नौदलाच्या सी हॅरियर ताफ्यातील निम्म्याच्या आसपास विमाने त्या बत्तीस वर्षांत अपघातांत गेली आणि काही तरुण वैमानिक परत आले नाहीत, हे गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. कारणे अनेक होती, आणि त्या पात्याशी त्यांतल्या कशाचाही संबंध होता असे आम्हाला सुचवावयाचे नाही. पण उन्हात उभे राहून वाट पाहणाऱ्यांत आमचे भावोजी होते, ही गोष्ट इतक्या वर्षांच्या सोयरिकीत त्या दिवशी आम्हाला प्रथम कळली.

मुलगा उठला. नवे पाते करावयाचे ठरले. जुन्या विजेच्या दोरीतून तांब्याची एक तार काढली. ती केसाहून थोडी जाड. भावोजींच्या औषधाच्या गोळ्यांचे चकचकीत वेष्टण कापून त्याचा त्रिकोणी कपटा केला. तो तारेच्या टोकाला फेविकॉलने लावला, आणि पाते झाले. काचेपुढच्या जागी सुईने भोक पाडले आणि त्याच्या कडेचा रंग टोकाने खरवडला. या वेळी मुलाला सांगावे लागले नाही. मेण लावलेल्या काडीने पाते उचलले. भावोजी मागे उभे राहून सांगत होते: दोन्ही कोपरे टेबलावर टेक, श्वास बाहेर सोड आणि मग हात पुढे ने, श्वास घेताना हात हलतो. त्यांचे स्वतःचे हात या वेळी खुर्चीच्या पाठीवर होते आणि थरथरत होते. आवाज मात्र स्थिर होता.

तार भोकात शिरली. मुलाने तसेच धरून ठेवीत विचारले, ‘‘आजोबा, पाते सरळ ठेवू की जरासे वळवून? वळवले तर अधिक खरे दिसेल.’’

‘‘चाके खाली सोडली आहेस आणि नळ्याही खाली वळवल्या आहेस,’’ भावोजी म्हणाले. ‘‘म्हणजे विमान उतरते आहे. सरळच ठेव.’’

तेवढ्यात मोपाकडून उठलेले विमान घरावरून गेले. पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावरच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून वाहतूक सुरू झाली. त्या घरात आता विमानाच्या आवाजाने कोणी मान वर करीत नाही. भावोजींनी मात्र केली. मुलाने केली नाही; त्याचा हात अजून पात्यावर होता.

संध्याकाळच्या आरतीनंतर विमान फडताळावर ठेवण्यात आले. चष्मा काढला की ते पाते आम्हाला दिसत नव्हते. भावोजींना तर चष्म्यानेही दिसत नसावे. दुसऱ्या दिवशी निघताना आम्ही पाहिले, कोणी तरी विमान फिरवून ठेवले होते. शेपूट भिंतीकडे गेले होते आणि नाक पडवीच्या दाराकडे आले होते. त्या घरात वारा तेथूनच येतो.